उजव्या बाजूचा सोबती

हंबीरराव इंगवल्यांनी आयुष्यात दोनच गोष्टी जीव ओतून केल्या. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत चौतीस वर्षं वाळूचे साचे घातले, आणि शिवाजी पेठेतल्या आखाड्यात पोरांना लाठी, दांडपट्टा, फरीगदगा शिकवला. पहिल्या गोष्टीनं घर चाललं, दुसरीनं नाव झालं. पेठेत कुणालाही विचारा, ‘वस्ताद’ म्हटलं की लोक हंबीररावांच्याच घराचा पत्ता सांगतील, आणि तोही जुना. कारण गुडघे बोलायला लागल्यापासून ते राजारामपुरीत, मुलगा विश्वजित आणि सून स्नेहल यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. खाली कोचिंग क्लास. दुपारी चाळीस पोरं एका सुरात सूत्रं म्हणायची आणि हंबीरराव गॅलरीत बसून पायानं ठेका धरायचे. पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली होती. रविवारी सकाळी मात्र ते बसनं पेठेत जायचे, आखाड्यातल्या मातीला हात लावायचे आणि चार पोरांना पवित्रा शिकवून परत यायचे. चौसष्टाव्या वर्षी एवढं पुष्कळ झालं.

अशाच एका दुपारी तेजस्वी आली. पाठीला बॅग, हातात हेल्मेट. स्नेहलनं दार उघडताच सरळ आत येऊन हंबीररावांच्या पाया पडली आणि म्हणाली, “मी तेजस्वी. आजऱ्याच्या जोतीराम वस्तादांची मुलगी.”

हंबीररावांनी आशीर्वादाला उचललेला हात तसाच राहिला. एकतीस वर्षांत कोल्हापुरातल्या कुणीही जोतीरामच्या नावापुढे वस्ताद लावलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. लावलं जाऊ नये, अशी व्यवस्था त्यांनीच करून ठेवली होती.

जोतीराम त्यांचा जोडीदार. आखाड्यात जोडीदार म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. बारा वर्षं दोघं खांद्याला खांदा लावून खेळले. हंबीरराव डावीकडे, जोतीराम उजवीकडे. चारी अंगांनी पट्टा फिरायचा, पण एकाचं पातं दुसऱ्याच्या सदऱ्यालासुद्धा लागत नसे. जत्रांतून त्यांना आवतणं यायची. आखाड्याचा एक जुना नेम होता: जोडीदाराची खोड तोंडानं बोलायची नाही, आपल्या अंगानं सांभाळून घ्यायची. आणि दुसरा नेम असा, की लिंबू काढताना, म्हणजे तळहातावरचं लिंबू पट्ट्यानं कापताना, जखम झाली तर दोष लिंबू धरणाऱ्याचा. कारण धरणाऱ्यानं दगड व्हायचं असतं.

चौऱ्याण्णव साली गडहिंग्लजकडच्या एका जत्रेत जोतीराम गुडघ्यावर बसला, उजवा तळहात पुढे केला, त्यावर लिंबू. हंबीररावांनी पट्टा फिरवत आणला आणि मारला. लिंबू तसंच राहिलं. जोतीरामची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मातीत पडलं. हलगी थांबली. दोन हजार माणसं बघत होती, आणि त्या शांततेत हंबीररावांच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे: “जोत्यानं हात हलवला.”

जोतीराम काही बोलला नाही. हाताला फडकं गुंडाळून उठला. दोन महिन्यांनी आजऱ्याला, बायकोच्या माहेरी निघून गेला आणि काजूच्या एका कारखान्यात कामाला लागला. त्या वर्षी म्हाताऱ्या वस्तादांनी आखाड्याची गादी हंबीररावांच्या हाती दिली. हात हलवणाऱ्याला ती कोण देणार? गेल्या वर्षी जोतीराम वारल्याचं कुणीतरी सांगितलं, तेव्हा हंबीरराव दिवसभर जेवले नव्हते. पण आजऱ्याला काही गेले नाहीत.

आणि आता त्याची मुलगी समोर बसून स्नेहलनं दिलेला चहा पीत होती, चांगली मोकळी हसत होती. राजारामपुरीतच आठव्या गल्लीत तिची कंपनी होती म्हणे, पाच जणांची. गेम बनवायची. त्यात एक धुक्यानं भरलेला गड होता, गडावर चकवे होते, आणि खेळणारा आपले तीन सोबती घेऊन दरवाज्यामागून दरवाजे जिंकत वर चढायचा. त्यातली पट्ट्याची लढाई तेजस्वीनंच केली होती. अंगाला सतरा ठिकाणी सेन्सर बांधून ती रिकाम्या खोलीत खेळायची, आणि तिचं हलणं-चालणं जसंच्या तसं त्या पडद्यावरच्या माणसाच्या अंगात उतरायचं. पट्टा तिला वडिलांनी शिकवला होता. डाव्या हातानं, कारण उजव्या हाताची मूठ त्यांना वळत नव्हती.

“मशीनमध्ये बोटं गेलती त्यांची,” ती म्हणाली. “काजूच्या.”

हंबीररावांनी कपातल्या चहाकडे बघितलं. स्नेहलनं सासऱ्यांकडे बघितलं.

तेजस्वीचं म्हणणं एवढंच होतं की काकांनी आठ-पंधरा दिवस तो गेम खेळून बघावा, लढाईत काय चुकतंय ते सांगावं, आणि पसंत पडलं तर गेमच्या सुरुवातीला ‘युद्धकला मार्गदर्शन: वस्ताद हंबीरराव इंगवले’ अशी पाटी टाकायला परवानगी द्यावी. वडील जाण्याआधी म्हणाले होते, अडलं तर हंबीरला विचार. त्याच्यासारखा पट्टा कोल्हापुरात कुणाचा न्हाय.

तिनं आपला जुना लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला, गेम खेळायचं दोन मुठींचं यंत्र त्यांच्या हातात ठेवलं, आणि गेली.

पहिले दोन दिवस घरात करमणूक होती. हंबीररावांची बोटं फौंड्रीत घट्ट झालेली. उडी मारायच्या बटणानं ते वार करायचे आणि वार करायच्या बटणानं खाली बसायचे. त्यांचा पडद्यावरचा लढवय्या भिंतीकडे तोंड करून तलवारी मारत राहायचा. स्नेहल शेंगा सोलत शेजारी बसून सासऱ्यांना सांगायची, मामा, डावा अंगठा फिरवायला, उजवा बघायला. ती मोबाईलवर असले खेळ विश्वजितच्या नकळत खेळत असे, हे सासऱ्यांना त्या आठवड्यात कळलं. त्यांनी ते मुलाला सांगितलं नाही.

हात बसल्यावर मात्र त्यांची वस्तादाची नजर जागी झाली. पहिल्या दरवाज्याबाहेर धुक्यातून चकवे उठले. पायाचे पंजे उलटे, डोकी खांद्यांत रुतलेली. त्यांच्यावर वार केला की एक लाल रेघ उमटायची आणि ते मागे सरायचे. हंबीररावांना लढाई अजिबात आवडली नाही. वाराला वजन नाही, म्हणाले. मारणाऱ्याचा दम कुठं लागतो? पाय जमिनीला टेकतच नाहीत त्या पलीकडल्यांचे.

“मामा, ती भुतं हाईत,” स्नेहल म्हणाली.

“भुताला का हुईना, मारताना कंबर वळाय पायजे की गं.”

सोबत्यांबद्दलही त्यांचं मत बनत गेलं. एक धनुष्यवाली पोर होती, ती सारखी बोलायची. लढाईत कमी, तोंडानं जास्त. एक औषधं देणारा बुवा होता, तो माणूस पडल्यावर पोचायचा. हंबीररावांनी त्याला सरकारी दवाखाना असं नाव ठेवलं. तिसरा सोबती अजून पुरा झाला नव्हता. त्याचा आवाज भरायचा राहिला होता. चेहराही बसवायचा होता. डोक्याला मुंडासं, आणि खाली तोंडाच्या जागी नुसता सपाट, मातकट रंग. डोक्यावर हवेत अक्षरं तरंगायची: सोबती ३. त्याच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत खोबळा, म्हणजे पट्ट्याची लोखंडी मूठ होती आणि पुढे लांब लवचिक पातं. तो एक शब्द बोलत नसे. पण लढाई लागली की तो जे करायचा, ते बघून हंबीरराव पहिल्यांदा नावं ठेवायचं विसरले.

त्याच्या पायांना वजन होतं. वार करण्याआधी तो डावी टाच मातीत दोनदा घासायचा, घाट चढताना बैल पाय रोवतो तशी. अशी टाच घासणारा माणूस हंबीररावांनी जन्मात एकच बघितला होता.

बापानं शिकवलं ते लेकीनं केलं, लेकीनं केलं ते ह्याच्यात उतरलं, त्यात काय नवल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खाली क्लासमधली पोरं सूत्र घोकत होती, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, बाहेर स्वच्छ ऊन होतं. मग त्यांनी आपला लढवय्या त्या सोबत्याच्या अगदी जवळ नेला आणि कॅमेरा फिरवून त्याचा रिकामा उजवा हात बघितला. चार बोटांतली दोनच मोकळी होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात घट्ट दुमडलेलं.

त्यांनी ते यंत्र टीपॉयवर उपडं ठेवलं. पडद्यावर सगळे जागच्या जागी उभे राहिले. कुणी बटण दाबलं नाही तरी सोबती श्वास घेत राहतात, हे त्यांना तेव्हा लक्षात आलं. तिघांच्याही छात्या खालीवर होत होत्या. चेहरा नसलेला तो त्यांच्याकडे बघत होता.

संध्याकाळी त्यांनी तेजस्वीला फोन केला आणि सहज विचारल्यासारखं बोटांचं विचारलं. ती हसली. लहानपणापासून बाबांचं बघून बघून मीही ती दोन बोटं मिटूनच खेळते, म्हणाली. कंपनीतल्या पोरांनी सांगेपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. बदलू का? नको, हंबीरराव म्हणाले, राहू दे.

पुढच्या चार-पाच दिवसांत काही गोष्टी स्नेहलच्या नजरेस आल्या. मामा सोफ्यावर बसताना उजवीकडची जागा सोडून बसायला लागले होते. जिन्यातून उतरताना भिंतीकडून चालायचे, कठड्याच्या बाजूला एक माणूस मावेल एवढी वाट ठेवून. भाजी आणायला दोघं गेली तेव्हा रस्ता ओलांडताना त्यांनी उजवा हात मागे करून कुणालातरी थांबवलं. स्नेहल डावीकडे होती. तिनं विचारलं नाही. अशा वेळी विचारलं की माणूस शहाण्यासारखं उत्तर देतो आणि खरं आत जातं, हे तिला माहीत होतं. ती फक्त दुपारची कामं हॉलमध्ये आणून करायला लागली.

त्यामुळे पुढचं घडलं तेव्हा ती तिथंच होती.

दुसरा दरवाजा जिंकून झाला होता. गडाच्या माचीवर कुणी शत्रू उरला नव्हता. हंबीरराव आपल्या लढवय्याला नुसताच फिरवत होते. तो डावीकडे वळला की सोबती तीन मागून फिरून उजवीकडे यायचा. तोंड फिरवलं की पुन्हा उजवीकडे. बाकीचे दोघे कुठंही उभे राहायचे, हा मात्र आपली जागा सोडत नव्हता. मग हंबीररावांनी उगाच हवेत एक वार केला. समोर काही नसताना. वाराच्या शेवटी सोबती तीननं डावा खांदा खाली पाडला आणि अर्धं पाऊल मागं घेतलं. लगेच परत जागेवर.

त्यांनी पुन्हा वार केला. पुन्हा खांदा पडला.

सहा, दहा, वीस वेळा. प्रत्येक वेळी, वार संपता संपता, तो कशालातरी चुकवत होता. पण लढवय्याची तलवार त्याच्यापासून तीन हात लांब होती. त्याच्या खांद्यापाशी होतं फक्त धुकं.

“कशाला चुकवतोय त्यो?” हंबीररावांनी विचारलं. आवाज असा, की स्नेहलनं हातातलं भरतकाम खाली ठेवलं. “सांग की गं. तिथं काय हाय?”

तिला काही दिसत नव्हतं. तिनं तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता त्यांचा हात थांबला. फौंड्रीत साचा घालताना लाकडी पॅटर्न वाळूत दाबतात, चोपतात, आणि मग हलक्या हातानं उचलून घेतात. पॅटर्न निघून जातो, वाळूत त्याच्या आकाराची पोकळी राहते. पॅटर्नच्या कडेला बारीकसा टवका उडालेला असला तर तोही पोकळीत उतरतो. चौतीस वर्षं ते पोकळीत हात घालून, नुसत्या बोटांनी, न बघता सांगत आले होते की मूळ नग कुठं बिघडलाय.

जोतीरामचं अंग बारा वर्षं त्यांच्या उजव्या बाजूला होतं.

चार वाजता ते स्नेहलला घेऊन गच्चीवर गेले. पट्ट्याच्या लांबीची एक काठी त्यांनी कापून घेतली होती. पाण्याच्या टाकीपाशी वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून उभे राहिले आणि तिला म्हणाले, मागून मोबाईलवर घे. तिनं घेतलं. ते वार करत होते, वरून खाली, जसा लिंबावर करतात. म्हातारपणातही तो हात बघण्यासारखा होता. अकरा वार झाले. मग दोघं टाकीच्या सावलीत बसून बघायला लागली.

पहिला वार त्यांना ठीक वाटला. स्नेहलनं चित्र हळू केलं. काठी वरून सरळ येत होती, कपाळापर्यंत सरळ, छातीपर्यंत सरळ, आणि अगदी शेवटाला त्यांचं उजवं कोपर कोंबडीच्या पंखासारखं उघडत होतं. टोक वीतभर उजवीकडे जात होतं.

“पुढचा लाव,” ते म्हणाले.

पुढचाही तसाच. अकराही तसेच. एकाही वेळी टोक जागेवर राहिलं नव्हतं. आणि टोक जिथं जात होतं, तिथं बरोबर, उजव्या बाजूला खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या माणसाचा डावा खांदा आला असता.

“मामा, काठी शेवटाला बाहीर जातीया की,” स्नेहल हलकेच म्हणाली.

त्यांनी मान हलवली. जोडी म्हणून लोक टाळ्या वाजवायचे. हंबीरच्या पात्याला काय अचूकपणा, म्हणायचे. बारा वर्षं, हजारो वार, प्रत्येकाच्या शेवटी जोतीराम खांदा पाडत होता, आणि शेजारच्या माणसाला पत्ता नव्हता. नेमच होता तसा. खोड बोलायची नाही, अंगानं सांभाळून घ्यायची. त्यानं ती इतकी सांभाळली की ती त्याच्या खेळाचाच भाग झाली, मुलीला शिकवताना ती पट्ट्याबरोबर तिच्या अंगात गेली, आणि तिथून त्या बिनचेहऱ्याच्या माणसात. उभा असता तर जोतीरामनं त्या दिवशीही चुकवलं असतं. पण लिंबू धरून गुडघ्यावर बसलेल्या माणसाला चुकवता येत नाही. त्याला दगड व्हायचं असतं, आणि तो झाला होता.

“गेलती बोटं, ती कशानं गेलती, मामा?” स्नेहलनं विचारलं. तिला अर्धं समजलंच होतं.

त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना एका ठिकाणी अडखळले. त्यानं हात हलवलेला मी बघितलाय, म्हणाले, आजही डोळ्यापुढं येतो. आणि मग थोड्या वेळानं म्हणाले की नाही, त्या वेळी माझी नजर लिंबावर होती. हात मी बघितलाच नव्हता. हलगी थांबली, लोक बघायला लागले, आणि मी बोललो. नंतर बोलत राहिलो. बोलून बोलून तो हात हलायला लागला.

खाली क्लास सुटला होता. पोरांच्या सायकली, गाड्या, आरडाओरडा. स्नेहल चादरींच्या घड्या घालत राहिली. शेवटी तिनं एवढंच विचारलं, की त्या मुलीला काय सांगणार आहात. ती तर पाटीवर नाव टाकायला निघाली आहे.

हाच तर घोळ होता. लढाई झकास आहे, टाक नाव, एवढं म्हटलं की संपलं. बाप मशीनमध्ये बोटं गेली म्हणून सांगून गेलेला. विचारणारं जगात कुणी नाही. गादी, नाव, पेठेतला मान, रविवारी पाया पडणारी पोरं, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. आणि सांगितलं, तर चौसष्टाव्या वर्षी हंबीरराव इंगवले म्हणून जे काही शिल्लक होतं, त्यातलं काय उरलं असतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दोन दिवस त्यांनी गेम लावला नाही. टीव्ही बंद होता. तरी हॉलमधून जाताना ते उजवीकडे जागा सोडून जायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी स्नेहल स्वयंपाकघरातून आली तेव्हा ते सोफ्यावर बसले होते. टीव्ही काळाच होता आणि काळ्या काचेत त्यांचं प्रतिबिंब पडलं होतं. त्यांनी उजवा हात हळूच वर उचलला आणि खाली आणला, कोपर उघडू दिलं. मग उजवीकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. स्नेहल सांगते, तिच्याही मानेवरून काहीतरी थंड गेलं. कारण सोफ्याच्या त्या टोकाची उशी, तिनं सकाळी चोपून सरळ केलेली, मध्ये दबलेली होती. पहाटे मांजर येऊन बसतं तिथं, ती म्हणते. मांजरच असणार.

त्याच संध्याकाळी त्यांनी तेजस्वीला फोन करून रविवारी सकाळी आखाड्यात यायला सांगितलं.

आखाड्यात त्या दिवशी पोरं लवकर सोडून दिली होती. स्नेहल दाराशी बाकावर बसली. आत गुंडूतात्या होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, भिंतीला टेकून. चौऱ्याण्णव साली जत्रेत हलगी त्यांच्याच हातात होती. हंबीररावांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. जे चारचौघांत बोललं ते चारचौघांत मोडायचं. चारातले एवढेच उरले होते.

हंबीररावांनी मातीला हात लावला आणि उभ्यानंच सांगितलं. आडवळण घेतलं नाही. तेजस्वी, तुझ्या बापाची बोटं मशीननं न्हाई गेली. माझ्या पट्ट्यानं गेली. त्यानं हात हलवला न्हवता. मी खोटं बोललो आणि त्याच्यावर वस्ताद झालो.

तेजस्वी हेल्मेट हातात धरून उभी होती. बोलले ते गुंडूतात्या, आणि तेही असं, की जणू कुणी पावसापाण्याचं विचारलं होतं.

“आम्हाला ठावं हुतं की.”

हंबीरराव वळले. “काय ठावं हुतं?”

“त्येचा हात दगडावानी हुता. मी समोर हलगी घेऊन हुतो. तुजं कोपर तर आदीपास्नं उघडतंय. म्हातारं वस्तादबी बघायचं, बाकीची पोरंबी बघायची.”

“मग एकतीस वर्सं बोलला का न्हाईसा, तात्या?”

“जोडीदार बोलला न्हाई. मग आमी कोण बोलणार?”

हंबीररावांनी एकेक करून भिंतींकडे बघितलं. टांगलेल्या ढाली, लाठ्या, जुन्या खेळाडूंचे फोटो. हे सगळे इतकी वर्षं त्यांचं कोपर बघत होते. त्यांना एकदम सगळ्या बाजूंनी कुणीतरी अर्धं पाऊल मागं सरलेलं असल्यासारखं वाटलं. ते जिथं जिथं वळत होते, तिथं तिथं माणसं खांदा पाडून वाट देत आली होती.

“मला वाटायचं त्यो पट्ट्याचा नेमच हाय,” तेजस्वी पहिल्यांदा बोलली. आवाज कोरडा होता. “ह्या बाजूला खांदा पाडायचा. पाच वर्षांची होते तेव्हापासून पाडते. एकदा विचारलं, बाबा, इथं काय येतं? म्हणाले, येतं. तू पाड.” ती थांबली. “म्हणजे मी आजवर तुम्हाला चुकवत आले.”

हंबीररावांना वाटलं ती आता निघून जाईल. नाव काढ गं पाटीवरनं, ते म्हणाले. बापाचं टाक. तिनं ते ऐकल्यासारखं केलं नाही. हेल्मेट खाली ठेवलं, भिंतीवरची एक काठी काढली आणि त्यांच्या हातात दिली. मग येऊन त्यांच्या उजव्या बाजूला, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. टाच दोनदा मातीत घासली. करंगळी आणि शेजारचं बोट मिटलेलं.

मान वळवायची हिंमत हंबीररावांना झाली नाही. डोळ्यांच्या कडेला दिसत होता तो जोतीरामचाच खांदा.

“मारा,” ती म्हणाली. त्यांनी मारला. काठीचं टोक शेवटाला उजवीकडे गेलं आणि तिचा खांदा खाली पडला. लाकूड तिच्या खांद्याजवळून हवा कापत गेलं. एवढ्या जवळून ते जातं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

“आता मी हलणार न्हाई. मारा.”

“लागंल की पोरी.”

“लागू दे. मारा.”

ते तयार होईनात. गुंडूतात्या भिंतीपासून सरळ झाले. स्नेहल बाकावरून उठून दाराच्या चौकटीत आली. तेजस्वी समोर बघत होती. तिचे ओठ घट्ट होते, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाली, “बाबांनी तुम्हाला सांगितलं न्हाई, ती चूक त्यांची. इथल्या कुणीच सांगितलं न्हाई, ती तुमच्या आखाड्याची. मी नेम-बिम मानत न्हाई. मी सांगणार हाय.”

हंबीररावांनी काठी उचलली. कोपर आत ठेवायचं, एवढंच एक डोक्यात. काठी सरळ आली, कपाळापर्यंत, छातीपर्यंत, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं शेवटाला हात आपोआप उघडला. लाकूड तिच्या दंडावर बसलं. आवाज झाला. ती तसूभरही हलली नाही.

हंबीररावांच्या हातातून काठी गळाली. तिनं ती वाकून उचलली, परत त्यांच्या मुठीत दिली, आणि एका हातानं त्यांचं कोपर धरून त्यांच्या बरगडीला टेकवलं.

“कोपर उघडतंय, काका,” ती म्हणाली. “आत घ्या. पुन्हा.”

दुसरा वार तिच्या बाहीला घासून गेला. तिसराही. चौथ्या वेळी हंबीररावांचा खांदा कळांनी भरून आला, पण कोपर बरगडीपासून थोडंच सुटलं. पेठेत दुधाच्या गाड्या सुटल्या होत्या, कुणीतरी आखाड्याच्या दारावरून नमस्कार ठोकून गेलं, त्याला उत्तर द्यायला वस्तादांना सवड नव्हती. दंडावरचा वळ लाल होत चालला होता आणि ती प्रत्येक वाराला तेच म्हणत होती: “पुन्हा.”